शेतकरी उत्पादक कंपनीचे प्रशिक्षण: कोणाला, केव्हा आणि नेमके काय

शेतकरी उत्पादक कंपनीचे, म्हणजे शेतकऱ्यांनीच भाग घेऊन उभारलेल्या आणि सभासदांच्या मालाची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीचे, प्रशिक्षण म्हटले की बहुतेक ठिकाणी कार्यक्रम ठरलेला असतो. मंगल कार्यालय, मागे फ्लेक्स, साठ-सत्तर माणसे, सकाळी कायद्यावर व्याख्यान, जेवणानंतर मूल्यवर्धनावर आणखी एक, शेवटी सगळ्यांचा फोटो. हजेरीपट भरतो, बिल निघते आणि पुढच्या हंगामात तीच कंपनी ओला माल कोरड्याच्या भावात घेऊन बसते. संचालक, लेखापाल, गटप्रमुख, काट्यावरचा माणूस आणि सभासद या सगळ्यांची कामे वेगळी, पण त्यांना एकाच दिवशी एकच गोष्ट सांगितली जाते. मग ती कोणाच्याच कामाची राहत नाही.

इथे क्रम उलटा धरला आहे. येत्या हंगामात कंपनी कोणता व्यवहार करणार हे आधी ठरवा. त्या व्यवहारात कोण काय करणार ते कागदावर लिहा. मग ज्याला जे काम आहे त्याला तेवढेच, काम अंगावर येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी शिकवा.

आधी दप्तर पाहा

प्रशिक्षणाची गरज ओळखायला छापील प्रश्नावली वाटू नका. ‘कोणते प्रशिक्षण हवे?’ असे विचारले की ‘मार्केटिंग’ आणि ‘निर्यात’ हीच दोन उत्तरे येतात. त्यापेक्षा अर्धा दिवस कंपनीच्या कार्यालयात बसा आणि शेवटच्या चार संचालक सभांची इतिवृत्ते, साठा नोंदवही, तीन महिन्यांचे बँक विवरण आणि सभासद नोंदवही मागवा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थितीही पाहून घ्या.

दप्तर बरेच बोलते. चारही इतिवृत्ते एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखी असतील आणि प्रत्येक ठरावापुढे नुसते ‘सर्वानुमते मंजूर’ असेल, एकही आकडा नसेल, तर संचालक निर्णय घेत नाहीत, सह्या करतात. साठा नोंदवहीत अख्ख्या हंगामात तूट शून्य दिसली तर खूश होऊ नका. धान्य वाळते, सांडते, उंदीर खातात. तूट शून्य म्हणजे गोदामातला माल कोणी पुन्हा तोललेलाच नाही. बँक विवरणात सभासदांच्या नावांऐवजी दोन-चार मोठ्या रोख उचली दिसल्या तर लेखापालाच्या आधी संचालकांना शिकवायची गरज आहे. आणि सभासद नोंदवहीत चारशे नावे असून माल साठ जणांनीच घातला असेल, तर सभासदांसमोर नेमके काय मांडायचे तेही कळले.

यातून निघालेली यादी पाच-सहा कामांपलीकडे जाऊ देऊ नका. एका हंगामात एका कंपनीला त्याहून जास्त पचत नाही.

संचालकांना दोन गोष्टी: कायद्याची चौकट आणि पोटापुरता धंदा

उत्पादक कंपनीची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने जुन्या कंपनी कायद्यात आली. २०२० च्या दुरुस्तीने ती कंपनी कायदा २०१३ मध्ये स्वतंत्र प्रकरण म्हणून समाविष्ट झाली. संचालकांना कलमे पाठ नको आहेत. त्यांना पुढचे मुद्दे तोंडपाठ असले तरी पुरे:

- संचालक कमीत कमी ५, जास्तीत जास्त १५. संचालक मंडळाची सभा दर तीन महिन्यांत एकदा तरी, वर्षात किमान चार. गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरायला लागणारी किमान हजेरी, एकूण संचालकांच्या एक-तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी नाही.
- वैयक्तिक सभासदाला एकच मत, भाग कितीही असोत.
- वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना किमान १४ दिवस आधी. गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक-चतुर्थांश, नियमावलीत जास्त सांगितली असेल तर तितकी. ४०० सभासद असतील तर १०० जण प्रत्यक्ष हवेत.
- पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी हवा. अंतर्गत लेखापरीक्षणही बंधनकारक आहे.
- नवी कंपनी असेल तर व्यवसाय सुरू केल्याची घोषणा नोंदणीपासून १८० दिवसांत भरायची.
- ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र उशिरा भरले तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क. सलग तीन वर्षे भरलेच नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, आणि ती अपात्रता दुसऱ्या कंपनीतही आडवी येते.

गणपूर्तीचा मुद्दा नुसता सांगून सोडू नका, तारखेशी जोडा. वार्षिक सभेसाठी साधारण ३० सप्टेंबर ही शेवटची तारीख धरली जाते. सोयाबीन पट्ट्यात नेमकी तेव्हाच काढणीची घाई असते आणि शंभर माणसे जमत नाहीत. मग सभा कागदावर होते. ऑगस्टमध्ये सभा घ्यायची तर लेखापरीक्षण जुलैत संपले पाहिजे आणि त्यासाठी मार्चअखेरचा साठा ३१ मार्चलाच मोजलेला पाहिजे. हा उलटा हिशोब संचालकांकडूनच फळ्यावर करून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच गाळली जाते: कंपनी चालायला किती माल लागतो? खालचे गणित मंडळाने स्वतःच्या आकड्यांनी सोडवायचे. आकडे उदाहरणाचे आहेत.

मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार महिना २५,००० आणि लेखापालाचा १०,००० म्हणजे वर्षाला ४,२०,००० रुपये. भाडे, वीज, प्रवास, लेखापरीक्षण, शासकीय फॉर्म मिळून १,३०,०००. एकूण ५,५०,०००. आता माल घेतला त्यापेक्षा क्विंटलमागे १६० रुपये जास्त भावाने विकला असे धरा. त्यातून हमाली-तोलाई ३०, बारदाना (रिकामी पोती) २५, वाहतूक ३५, तूट आणि व्याज २० वजा जाता हातात राहिले ५०. साडेपाच लाखांना ५० ने भागा: ११,००० क्विंटल.

इथे थांबा आणि विचारा, ११,००० क्विंटल कोण आणून देणार? ४०० सभासदांत वाटले तर प्रत्येकी साडेसत्तावीस क्विंटल. एकरी सात क्विंटल सोयाबीन धरले तर जवळपास चार एकरांचा सगळा माल कंपनीला यायला हवा. बहुतेक सभासदांकडे तेवढे सोयाबीन नसते, आणि असले तरी सगळे इकडे येत नाही. पुढचा प्रश्न पैशाचा. क्विंटलला ४,५०० रुपये धरले तर ११,००० क्विंटल म्हणजे ४ कोटी ९५ लाखांची खरेदी. साठ दिवसांच्या हंगामात पैसा पंधरा दिवसांनी फिरून आला, म्हणजे चार फेऱ्या झाल्या, तरी खेळते भांडवल १ कोटी २४ लाख लागते. भागभांडवल किती आहे? चार-पाच लाख.

हा हिशोब झाला की ‘प्रक्रिया युनिट टाकू’ हा विषय आपोआप मागे पडतो आणि निविष्ठा (बियाणे, खत, कीटकनाशक) विक्री, दुसरे पीक, वखार पावतीवरचे (गोदामात ठेवलेल्या मालाच्या तारणावरचे) कर्ज, खर्चाची काटछाट यावर बोलणे सुरू होते. दहा हजार शेतकरी कंपन्या उभारण्याच्या केंद्राच्या २०२० मधील योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत मदत आहे. ती संपल्यावर पगार कशातून निघणार, याचे उत्तर मंडळाने दुसऱ्या वर्षातच लिहून ठेवावे.

एक नाजूक विषय टाळू नका. संचालकाचेच कृषी सेवा केंद्र किंवा आडत असेल तर काय? हितसंबंध सभेत जाहीर करायचा, त्या ठरावात भाग घ्यायचा नाही आणि तसे इतिवृत्तात लिहायचे. हे बाहेरच्या प्रशिक्षकाने सांगितलेले बरे. गावातल्या माणसाने सांगितले की त्याचे भांडण होते.

काट्यावरची रंगीत तालीम

खरेदी केंद्रावर पैसा कमावला जातो किंवा बुडतो, आणि तिथल्या माणसांना प्रशिक्षणाला कोणी बोलावत नाही. काटा चालवणारा, नमुना काढणारा, पावती फाडणारा आणि दोन हमाल यांना खरेदी सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एक पूर्ण दिवस केंद्रावरच घ्या. चार-पाच शेतकऱ्यांच्या खऱ्या गोण्या मागवा: एक कोरडी, एक ओली, एक काडीकचऱ्याची.

सुरुवात काट्यापासून. वजने-मापे तपासणाऱ्या वैध मापन शास्त्र विभागाचा मुद्रांकन दाखला चालू मुदतीचा आहे का पाहा. मग २० किलोचे प्रमाणित वजन प्लॅटफॉर्मच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी ठेवून पाच वेळा वाचन घ्या. एका कोपऱ्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक आला तर काटा सपाट बसलेला नाही किंवा सेन्सरमध्ये बिघाड आहे. बारदान्याचे वजन अंदाजाने वजा करू नका. दहा रिकामी पोती एकत्र तोला, सरासरी काढा आणि तो आकडा भिंतीवर लिहा. पोत्यांचा लॉट बदलला की पुन्हा तोला.

मग नमुना. गोणीच्या तोंडाशी परखी (नमुना काढायची टोकदार नळी) मारली तर बहुधा कोरडा, चांगला माल हाती लागतो, कारण भरणाऱ्यालाही ते ठाऊक असते. वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी परखी मारा, तिन्ही नमुने घमेल्यात एकत्र करा आणि त्यातून मोजा. ओलावामापकावर एकाच नमुन्याची तीन वाचने घेऊन सरासरी काढा. यंत्रात पीक कोणते निवडले आहे ते आधी बघा. सोयाबीनसाठी तुरीची सेटिंग राहून गेली तर दिवसभराची खरेदी चुकते. उन्हात तापलेले धान्य किंवा तापलेले यंत्र चुकीचा आकडा दाखवते, म्हणून यंत्र सावलीत ठेवा आणि नमुना थोडा निवू द्या. आठवड्यातून एकदा तोच नमुना बाजार समितीतल्या किंवा खरेदीदाराच्या यंत्रावर ताडून पाहा.

किमान आधारभूत किमतीच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा १२ टक्के आणि काडीकचरा २ टक्क्यांपर्यंत, हा नेहमीचा निकष. माल १५ टक्क्यांचा आला तर किती वजावट करायची, असे विचारले की सगळे म्हणतात, तीन टक्के. इथेच कंपनी फसते. शंभर क्विंटल मालात १५ टक्के पाणी म्हणजे कोरडा भाग ८५ क्विंटल. वाळवल्यावर पाणी १२ टक्के राहते, म्हणजे तो ८५ हा नव्या वजनाच्या ८८ टक्के होतो. ८५ भागिले ०.८८ म्हणजे ९६.५९ क्विंटल. झड ३.४१ क्विंटल, तीन नव्हे. उरलेले ०.४१ क्विंटल ४,५०० रुपयांच्या भावाने १,८४५ रुपये होतात. हजार क्विंटल असा माल घेतला तर १८,४५० रुपये कोणालाही न दिसता गेले, आणि वाळवण्याची मजुरी वेगळीच. १२ पासून १८ टक्क्यांपर्यंतचा झडीचा तक्ता याच सूत्राने तिथल्या माणसांकडूनच तयार करून घ्या आणि काट्याशेजारी टांगा. शेतकरी वाद घालायला आला तर बोट तक्त्याकडे जाते.

शेवटचा तासभर भांडणाची तालीम करा. एकाने शेतकरी व्हायचे आणि म्हणायचे, ‘त्या व्यापाऱ्याकडं तेरा आलं, तुमच्याकडं सोळा कसं?’ नमुना घेणाऱ्याने आवाज न चढवता त्याच्यासमोर दुसऱ्यांदा नमुना काढायचा, वाचन त्याला स्वतः वाचायला लावायचे आणि तरीही पटले नाही तर माल परत न्यायला मोकळीक द्यायची. संचालकाचा फोन आला म्हणून आकडा बदलायचा नाही, हेही तालमीत असू द्या. ओळखीच्या माणसाचा एक ओला लॉट घेतला की दुसऱ्या दिवशी रांगेतला प्रत्येक जण तोच दाखला देतो.

लेखापालाला वर्ग नको, सोबत हवी

लेखापालाला दोन दिवस संगणकप्रणाली शिकवून पाठवले तर तो नोंदी करायला शिकतो, जुळवायला नाही. पहिल्या हंगामात आठवड्यातून एक दिवस जाणकार माणूस त्याच्या शेजारी बसवा, सहा-आठ आठवडे. रोज संध्याकाळी त्याने तीन आकडे जुळवायचे: दिवसभराच्या वजन पावत्यांची बेरीज, साठा नोंदवहीतली आवक आणि सभासदांना देय रक्कम. फरक आला तर त्याच रात्री शोधायचा. आठवड्याने शोधायला बसले की कोणालाच काही आठवत नाही. रोजमेळाची (रोजच्या रोख जमाखर्चाच्या वहीची) शिल्लक आणि पेटीतली रोकड यांवर लेखापाल आणि आणखी एक जण अशा दोघांच्या सह्या.

पावतीवर लॉट क्रमांक, ओलावा, बारदाना वजावट आणि निव्वळ वजन चारही हवेत. नुसते निव्वळ वजन लिहिले की महिन्याने आलेल्या तक्रारीला उत्तर उरत नाही. सभासदाचे पैसे थेट त्याच्या बँक खात्यात जावेत आणि किती दिवसांत गेले याचा वेगळा रकाना ठेवावा.

निविष्ठा विक्री करणार असाल तर बियाणे, खत आणि कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे असतात, आणि कीटकनाशकासाठी ठरावीक शैक्षणिक पात्रतेचा माणूस लागतो. तो आधी शोधा, मग दुकानाचे भाडे ठरवा. अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर (विक्रीची नोंद करणाऱ्या यंत्रावर) होते. यंत्रातला साठा आणि गोदामातला साठा दर आठवड्याला ताडून पाहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सभासद आणि गटप्रमुख

सभासदांना दिवसभराचे प्रशिक्षण देऊ नका. गावात, संध्याकाळी, दीड तास, तीस-चाळीस माणसे. पहिल्या बैठकीत एकच गैरसमज काढायचा आहे: ‘भाग घेतला की कर्ज किंवा अनुदान मिळतं.’ वर सांगितलेल्या केंद्रीय योजनेत सरकार सभासदामागे जास्तीत जास्त २,००० रुपये आणि कंपनीमागे १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान देते खरे. पण ते कंपनीच्या भागभांडवलात जाते, सभासदाच्या खिशात येत नाही. हे स्पष्ट शब्दांत सांगा. पुढे राग येण्यापेक्षा आता थोडी निराशा परवडते.

मग पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, मांडा. फळ्याच्या एका बाजूला बाजारातला भाव: समजा ४,५०० रुपये, त्यातून वाहतूक ८०, हमाली-तोलाई ३०, हातात ४,३९०. दुसऱ्या बाजूला कंपनीचा गावातला भाव ४,४२०, वजावट काही नाही. शेतकरी एरवी पाटीवरचा भाव बघतो. हातात काय पडते ते समोर मांडल्यावर प्रश्न विचारायला लागतो, आणि खरी बैठक तिथून सुरू होते. एखाद्या दिवशी कंपनीचा भाव खरोखर कमी असेल तर तोही असाच मांडा, लपवू नका. व्यवहाराच्या प्रमाणात वर्षअखेरीस बोनस कसा मिळतो आणि राखून ठेवलेली किंमत (मालाच्या किमतीचा कंपनीने मागे ठेवून नंतर द्यायचा भाग) म्हणजे काय, हे दुसऱ्या बैठकीला ठेवा.

सातबारा नवऱ्याच्या नावावर आणि माल वाळवणे, निवडणे, भरणे बायकोकडे, असे असेल तर ओलाव्याची आणि प्रतवारीची बैठक तिच्या सोयीच्या वेळी घ्या. बहुतेक गावांत ती दुपारची असते. सभासद पुरुष असला तरी मालाची प्रत तिच्या हातात आहे.

गटप्रमुखाला तीन कामे शिकवा: आवकेचा अंदाज घेणे, तारीख वाटून देणे, तक्रार लिहून आणणे. अंदाज घेताना ‘किती माल देणार?’ असे विचारू नका. पेरा किती, काढणी कधी, घरात बियाण्याला किती ठेवणार, कोणाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली आहे का, असे विचारा. ज्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे त्याचा माल अंदाजात धरायचा नाही.

वेळापत्रक

खरिपावर चालणाऱ्या कंपनीसाठी ढोबळ क्रम असा बसतो: ३१ मार्चला साठा मोजणी, एप्रिलमध्ये संचालकांचे वरचे गणित, मेमध्ये निविष्ठा दुकानाची तयारी, जुलैत लेखापरीक्षण आणि ताळेबंद वाचन, ऑगस्टमध्ये वार्षिक सभा आणि आवकेचा अंदाज, सप्टेंबरच्या मध्यात काट्यावरची तालीम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कसलेही वर्ग ठेवू नका, फक्त लेखापालाशेजारचा माणूस. डिसेंबरात तुरीच्या आधी एक दिवस खरेदीचा आढावा. पेरणी आणि काढणीच्या आठवड्यांत बैठक ठेवली तर हजर राहतात ते ज्यांना शेतात काम नाही तेच.

कोणी शिकवायचे

चार्टर्ड अकाउंटंटला दोन तासांसाठी बोलावा, तेही ताळेबंद वाचायला. केंद्रीय योजनेत नाबार्डची लखनऊची ‘बर्ड’ आणि राष्ट्रीय सहकार विकास निगमाची गुरुग्रामची लक्ष्मणराव इनामदार अकादमी या मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहेत. महाराष्ट्रात आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) आणि स्मार्ट (बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प) यांतूनही वर्ग होतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला तिथे जरूर पाठवा. काट्याचे आणि दप्तराचे काम मात्र त्याच पिकात दोन-तीन हंगाम काढलेल्या दुसऱ्या कंपनीचा लेखापाल किंवा केंद्रप्रमुख चांगले शिकवतो. त्याला मानधन द्या, नुसती शाल-श्रीफळ नको.

अभ्यास सहलीला बस भरून नेऊ नका. आठ-दहा जण पुरेत, प्रत्येकाकडे आपल्या कामाचे लेखी प्रश्न. यंत्रे बघण्यात वेळ जातो. विचारायचे ते असे: गेल्या वर्षी तूट किती आली, पैसे द्यायला किती दिवस लागले, कोणता धंदा बंद केला आणि का. परत आल्यावर पंधरा दिवसांत संचालक सभेत एक तरी ठराव यावा. नाही आला तर ती तीर्थयात्रा झाली.

शिकले की नाही, कसे कळणार

महिन्याने पुन्हा दप्तर पाहा. इतिवृत्तात आकडे आले का? तुटीची नोंद दिसते का? माल घालणाऱ्या सभासदांची संख्या, पैसे मिळायला लागलेले सरासरी दिवस, प्रति शंभर क्विंटल तूट आणि वेळेत भरलेले शासकीय फॉर्म, एवढे चार आकडे दर तिमाहीला मंडळासमोर ठेवा. सुधारणा दिसत नसेल तर तेच प्रशिक्षण पुन्हा देण्याआधी अडचण शिकण्याची आहे की अधिकाराची, ते बघा. लेखापालाला जुळवणी येते, पण केंद्रावरून पावत्याच तिसऱ्या दिवशी येत असतील तर त्याला आणखी शिकवून काय होणार?

माणूस सोडून गेला तर

मुख्य कार्यकारी अधिकारी बदलतात, आणि शिकवलेले बहुतेक त्यांच्याबरोबर जाते. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणाला दोन माणसे पाठवा, एक काम करणारा आणि एक त्याच्या गैरहजेरीत करणारा. खरेदी, साठा, देयके आणि फॉर्म या चार कामांची प्रत्येकी एक पानाची कार्यपद्धती मराठीत लिहून घ्या, तीही काम करणाऱ्याच्याच शब्दांत.

सोडून जाणाऱ्याकडून पंधरा दिवस आधी लेखी हस्तांतर घ्यायचे. त्यात कंपनीच्या नावाचा ईमेल आणि त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक, जीएसटी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळांचे लॉगिन, नेटबँकिंगचे अधिकार, संचालकांच्या डिजिटल सह्या कोणाकडे आहेत त्याची नोंद, परवान्यांच्या मुदतीच्या तारखा, पॉस यंत्र, येणे-देण्याची यादी आणि गोदामाची किल्ली. डिजिटल सही सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये पडून असेल तर आजच परत मागवा. साठा दोघांनी मिळून प्रत्यक्ष मोजायचा, फरक आला तर दोघांच्या सह्यांनी लिहायचा आणि पुढच्या संचालक सभेत वाचायचा. त्यानंतरच शेवटचा पगार काढायचा.